तू म्हणशील तसं

अ‍ॅडव्होकेट श्रेणिक मगदूम धडधाकट असताना 'तू म्हणशील तसं' हे वाक्य एकदाही बोलल्याचे त्याच्या बायकोला आठवत नव्हते. आजारपणानंतर ते त्याचे सर्वांत नेहमीचे वाक्य झाले, आणि वर्षभरात पद्मजाला त्याची सवयही झाली.

तो सांगलीच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवत असे. चहा घेणार का, या प्रश्नालाही तो अटी घालून उत्तर देई: तू स्वतःसाठी ठेवणारच असशील तर घेईन, केवळ माझ्यासाठी ठेवणार असशील तर नको, मात्र आधण ठेवून झाले असेल तर अर्धा कप. पद्मजा या वाक्याच्या पहिल्या स्वल्पविरामालाच स्वयंपाकघरात निघून जाई. मग एका सकाळी, दाढी करत असताना, त्याच्या मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा थांबला. तो वाचला. हात, पाय, चेहरा, जीभ, पापण्या यांपैकी काहीही त्याच्या ताब्यात उरले नाही. ऐकणे आणि विचार करणे या दोन क्रिया मात्र शाबूत असल्याचे तपासण्यांत दिसत होते.

मिरजेच्या एका पुनर्वसन केंद्रात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. तेथे कवटीच्या आत, बोलण्याच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवत. माणसाने शब्द उच्चारण्याचा नुसता प्रयत्न केला तरी तेथे विद्युत्स्पंद उठतात. ते टिपायचे आणि त्यांवरून वाक्य शोधून काढायचे, असे हे तंत्र होते. त्यात शोधणे हा भाग अवघड असतो. स्पंदांना अक्षरांसारखा ठरलेला आकार नसतो. प्रत्येक ध्वनीसाठी अनेक शक्यता निघतात, प्रत्येक शक्यतेला पुढे फांद्या फुटतात, आणि संगणकाला त्यातल्या बऱ्या फांद्या जपत व बाकीच्या छाटत वाक्याच्या टोकापर्यंत जावे लागते. 'पाणी' एवढेच म्हणायचे असेल तर ते क्षणात सापडते. परंतु अटीने सुरू होणाऱ्या वाक्यात अट पूर्ण होईपर्यंत कोणतीच फांदी खात्रीने छाटता येत नाही. एका अटीत दुसरी अट शिरली की काम गुणाकाराने वाढते.

रुग्णांच्या मेंदूतली माहिती इमारतीबाहेर न्यायची नाही असा कायदा झालेला होता. त्यामुळे हे सगळे काम केंद्राच्या तळघरातल्या एका बेताच्या सर्व्हरवर चाले. त्यावरचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहिलेला होता, कारण तो मुळात परिचारिकांचे पडदे आणि पलंगांजवळच्या घंटा यांच्यासाठी होता. बोलण्याचे काम त्याला नंतर चिकटवले गेले. सर्व्हरवर चालणारे जावास्क्रिप्ट म्हणजे एका खिडकीवर बसलेला एकच कारकून, असे समजावे. तो मोठा तत्पर असतो. अर्ज घेतो, आत पाठवतो, उत्तराची वाट न बघता पुढच्या माणसाला हाक मारतो. ज्या कामात मुख्यतः वाट पाहणे असते, तेथे त्याच्यासारखा कारकून नाही. पण त्यालाच कुणी भलामोठा हिशेब करायला बसवले, तर हिशेब संपेपर्यंत खिडकी बंद राहते. मग मागे रांगेत कोण उभे आहे याने काही फरक पडत नाही.

श्रेणिक दाखल झाला त्याच आठवड्यात ही खिडकी बंद पडू लागली. एकदा त्याने बोलायला सुरुवात केली आणि शेजारच्या पलंगाची घंटा वाजायची तशीच राहून गेली. घशातला कफ काढायला परिचारिका उशिरा पोहोचली. कुणी दगावले नाही.

"तुमचे मिस्टर बोलायला लागले की आमचा वॉर्ड बंद पडतो हो," विभागप्रमुख डॉ. रेश्मा मुजावर म्हणाल्या.

"कोर्टातही तेच व्हायचं," पद्मजा म्हणाली. ती एका कंपनीसाठी घरून सर्व्हरचेच काम करत असे. "मला तो प्रोग्रॅम बघू द्याल का?"

तिने जे केले ते शास्त्रशुद्ध होते. बोलणे शोधण्याचे काम तिने मुख्य धाग्यावरून, म्हणजे खिडकीवरच्या त्या कारकुनाकडून, काढले आणि त्यासाठी वर्कर थ्रेड्सचा एक पूल, म्हणजे ताफा, उभा केला. खिडकीमागच्या खोलीत चार कामगार बसवावेत, तसा. प्रोसेसरला गणन करणारे कोअर चार होते म्हणून कामगार चार. त्याहून जास्त बसवले असते तर त्यांनी एकमेकांना ढकलण्यापलीकडे काही केले नसते. दर वेळी नवा कामगार उभा करण्यात वेळ जातो, म्हणून हे चार आधीच तयार असत. प्रत्येकाचे टेबल वेगळे, स्मृती वेगळी. काम द्यायचे तर त्याची प्रत करून आत सरकवायची, आणि उत्तर तयार झाले की ते निरोपाने बाहेर येणार. चौघेही गुंतलेले असतील तर पाचव्या कामाने रांगेत थांबायचे. एवढ्याने घंटा पुन्हा वेळेवर वाजू लागल्या.

रांग तुंबू नये म्हणून तिने आठ सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यात वाक्य सापडले नाही तर त्या कामगाराला बंद करायचे आणि त्याच्या जागी नवा बसवायचा. मर्यादा ठरवण्यासाठी परिचारिकांच्या डोक्याला बाहेरून पट्टे लावून चाचणी घेतली होती. 'पंखा लावा', 'पाय दुखतोय', 'डॉक्टर कधी येणार' ही सगळी वाक्ये दोन सेकंदांच्या आत निघाली. आठ सेकंद सढळ वाटले.

मर्यादा ओलांडल्यावर पलंगाजवळच्या बोलक्या पेटीच्या पडद्यावर 'उत्तर मिळाले नाही' असे येई. नातेवाइकांना ते सोसेना. एका म्हाताऱ्या वडिलांनी ते वाचून जेवण सोडले. तेव्हा बैठकीत असे ठरले की कोरे उत्तर देण्यापेक्षा त्या रुग्णाच्या आजवरच्या बोलण्यावरून सर्वांत संभाव्य असे छोटे उत्तर द्यावे, आणि ते अंदाजाचे आहे हे कळण्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात करडा ठिपका दाखवावा. लोक विचारू लागले, ठिपका कसला? काहींना तो बिघाड वाटला. पुढच्या दुरुस्तीत पद्मजाने ठिपका काढून टाकला.

हे सर्व तिने एकटीने ठरवले नव्हते. पण लिहिले तिनेच होते.

*

बर्गेनच्या एका कंपनीने तिला बोलावले ते याच पूलमुळे. नॉर्वेतल्या काही रुग्णालयांत हीच व्यवस्था बसवायची होती. करार दोन वर्षांचा होता. जायचे तर श्रेणिकला पुढे घरी नेण्याऐवजी केंद्राच्या कायमच्या निवासी विभागात ठेवावे लागणार होते.

तिने त्याला रीतसर विचारले. पलंगाशेजारी उभी राहून तिने दोन्ही बाजू मांडल्या, त्याला आवडल्या असत्या तशा.

"मी जाऊ का?"

पेटीतून उत्तर आले. आवाज त्याचाच होता, बार असोसिएशनमधल्या त्याच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला.

"तू म्हणशील तसं."

वकिलीची सनद परत करू का, या प्रश्नालाही याच शब्दांत उत्तर आले होते. कार्यालयाची जागा सोडण्याविषयीही. कधी कधी तो आधी 'नाही' म्हणे आणि मग थोड्या वेळाने 'तू म्हणशील तसं'. याबद्दल तिने डॉक्टरांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की अशा आघातानंतर मन दोलायमान होते, आणि भाषाही आटत जाते. हे वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखे होते. शिवाय पद्मजाला त्यात एक सोय होती, जी तिने कुणाला सांगितली नाही. लग्नानंतर प्रथमच तिचे कुठलेही वाक्य उलटतपासणीला सामोरे न जाता पार पडत होते.

तिला जाण्याचा आनंद झाला नाही आणि त्याला ठेवून जाण्याचे दुःखही झाले नाही. जड काम मागच्या खोलीत सरकवायचे आणि पुढची खिडकी उघडी ठेवायची, ही पद्धत तिने सर्व्हरपुरती ठेवली नव्हती. फरक इतकाच की मागच्या खोलीतून तिला अजून एकही निरोप आलेला नव्हता.

*

श्रेणिकची थोरली बहीण त्रिशलाअक्का दर रविवारी जयसिंगपूरहून केंद्रात येई. येताना शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आणी. श्रेणिक ते खाऊ शकत नव्हता हे तिला माहीत होते. ती त्याच्यासमोर डबा उघडून पद्मजाला वाढी.

"काय रे वकील, कसा आहेस?"

"बरा," पेटी लगेच म्हणाली.

"पंखा लागतोय काय?"

"नाही."

"ही जाणार म्हणे बर्फात. धाडायची का हिला?"

थोड्या विरामानंतर उत्तर आले. "तू म्हणशील तसं."

अक्का पद्मजाकडे वळली. "ऐकलंस? माझ्या लग्नात हा एवढासा होता, शाळेत. मांडवाचं कापड कुठलं आणायचं यावर अण्णांशी भांडून अख्ख्या घराला उपाशी ठेवलं होतं यानं. आता बघ कसा गरीब झालाय." ती पुन्हा भावाकडे वळली. तिच्या डोळ्यांत खोडकरपणा आला होता. "श्रेणिक, तुझा काळा कोट उंदरांनी कुरतडलाय. पायपुसणी करू काय त्याची?"

विराम. "तू म्हणशील तसं."

"आणि तुझी ती जाडी जाडी पुस्तकं? रद्दीत घालू?"

विराम. "तू म्हणशील तसं."

"मी आता निवडणुकीला उभी राहते. निशाणी लाटणं. तू गावोगाव सभा घ्यायच्यास माझ्यासाठी, कळलं?"

विराम. "तू म्हणशील तसं."

अक्का हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "लग्नाआधी असा असतास तर हिनं बघायच्या कार्यक्रमातच होकार दिला असता की रे!"

पद्मजा हसत नव्हती. तिच्या हातात अर्धी दशमी होती आणि ती विराम ऐकत होती. खरी उत्तरे कधी चटकन येतात, कधी रेंगाळतात. कुणाचाही विचार दर वेळी सारखाच वेळ घेत नाही. हे चारही विराम तंतोतंत सारखे होते. ती लांबी तिला ओळखता येत होती, कारण ती तिनेच ठरवली होती.

"अक्का, आता जरा गप्प बसा."

"का गं? थट्टाच करतोय आपण."

पद्मजाने डबा बाजूला ठेवला. "श्रेणिक, आता अक्कांना दिलेली उत्तरं तुझी होती?"

"नाही," पेटी ताबडतोब म्हणाली.

अक्काचे हसू थांबले. आणि मग, तेवढ्याच लांबीच्या विरामानंतर, त्याच आवाजात:

"तू म्हणशील तसं."

*

अक्का त्या दिवशी जयसिंगपूरला परतली नाही. पद्मजाने तिला घरी, जेवणाच्या टेबलाशी बसवून सगळे समजावून सांगितले, कारण सांगणे आवश्यक होते.

"म्हणजे तो बोलतो, आणि मध्येच त्याचं तोंड दाबतात."

"तसंच म्हणा. तो बोलायला लागला की काम मर्यादेपलीकडे जातं. मग कामगार बंद होतो आणि अंदाजाचं उत्तर बाहेर पडतं."

"पण हेच का? शिव्या का पडल्या नाहीत बाहेर?"

प्रश्न योग्य होता. पद्मजाला त्याचे उत्तर दुपारभर विचार केल्यावर सापडले होते. अंदाज आजवरच्या बोलण्यावरून बांधला जाई. पहिल्या काही दिवसांत कधीतरी एका प्रश्नाला 'तू म्हणशील तसं' हा अंदाज निघाला असावा. मराठी बायकांच्या प्रश्नांना मराठी नवरे देतात त्या उत्तरांत ते बरेच वर असणार. ते बाहेर पडले, आणि श्रेणिकच्या बोलण्यातच जमा झाले. पुढच्या वेळी ते थोडे अधिक संभाव्य ठरले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. यंत्राने श्रेणिकचा स्वभाव स्वतःच्याच उत्तरांवरून शिकून घेतला होता.

"अगं, पण त्यानं थोडक्यात सांगायचं ना. 'जाऊ नको' म्हणायचं. दोन शब्द."

"त्याचं उत्तर दोन शब्दांचं नसेल, अक्का."

अक्काने मान हलवली. "नसणारच. मेला जन्मात कधी दोन शब्दांत बोललाय?" आणि ती रडू लागली. पद्मजाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यालाही रडू येईल का, हे तिने काही क्षण पाहिले. आले नाही.

*

"मर्यादा काढायची?" डॉ. मुजावर म्हणाल्या. "चारातला एक कामगार एकट्या तुमच्या माणसाला?"

"उद्या दुपारपुरता. जेवणानंतर सगळे झोपतात, रांग नसते. घंटांना धोका नाही, त्या मुख्य धाग्यावर आहेत."

"पलीकडच्या पलंगावरच्या गोदाताई आवटी झोपत नाहीत."

"त्यांना थोडं थांबावं लागेल."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाकीच्या रुग्णांचंही हेच झालंय का?"

"कमीजास्त. जे तुटक बोलतात त्यांचं कमी."

"मी तुमच्या मिस्टरांच्या केसपेपरवर लिहिलंय, स्वभाव शांत झाला म्हणून." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "त्याचं श्रेय मी गोळ्यांना दिलं होतं. करा तुम्ही. मीही येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मजाने मर्यादा फक्त श्रेणिकच्या पलंगापुरती काढली आणि अंदाजाचा भाग बंद केला. अक्का पायथ्याशी बसली होती. डॉक्टर दाराशी उभ्या होत्या.

"श्रेणिक, चूक आम्हाला कळली आहे," पद्मजा म्हणाली. "आता तुला कुणी तोडणार नाही. हवं तेवढं बोल. मी बर्गेनला जाऊ का?"

पेटी गप्प राहिली. नेहमीचा विराम आला आणि ओलांडला गेला. पद्मजाच्या हातातल्या पडद्यावर चार चौकोन होते. त्यातला एक लाल झाला आणि तसाच राहिला. शोध चालू होता. फांद्या वाढत होत्या. अक्का तोंडाने णमोकार मंत्र पुटपुटत होती. पलीकडे गोदाताई आवटी जाग्या होत्या. कोपऱ्यातले ऊन सरकून त्यांच्या चेहऱ्यावर आले होते. त्या दुपारी आणखीही काही रुग्ण जागे होते आणि उरलेले तिघे कामगार त्यांच्यात गुंतले आहेत हे पद्मजाने पाहिले, उठून खिडकीचा पडदा ओढला आणि परत येऊन बसली. त्यानंतर थोड्या वेळाने गोदाताईंची पेटी म्हणाली, "ऊन."

"चालू आहे ना गं?" अक्काने विचारले.

"चालू आहे."

"बंद तर नाही पडलं?"

"नाही, अक्का. तो बोलतोय."

श्रेणिकच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. चेहऱ्यावर काही असणे त्याला शक्यच नव्हते. पद्मजाला जाणवले की गेले वर्षभर ती पेटीकडे बघून बोलत आली आहे. आता पेटी गप्प होती म्हणून ती त्याच्याकडे बघत होती. त्याचे केस कानांवर वाढले होते. कापायला हवेत, असे तिच्या मनात आले, आणि त्यापलीकडे दुसरे काही आले नाही.

लाल चौकोन हिरवा झाला.

"तू जावंस असं मला वाटलं असतं," पेटी बोलू लागली, "तर ते मी तू विचारायच्या आधीच सांगितलं असतं, आणि जाऊ नयेस असं वाटलं असतं तर तेही सांगितलं असतं, अर्थात सांगता आलं असतं तर; परंतु गेलं वर्षभर माझ्या आवाजात जो कोणी बोलतो आहे, त्याचं आणि तुझं माझ्यापेक्षा बरं जमलं आहे, हे मी इथे पडून ऐकतो आहे, तेव्हा हा प्रश्न तू त्यालाच विचार, तो नाही म्हणणार नाही."

अक्का उभी राहिली. "हाच!" ती ओरडली. "हाच तो! अस्साच कुजकट बोलतो मेला!" तिने चादरीवरून त्याचे पाय धरले. ती हसत होती की रडत होती हे सांगणे कठीण होते. "अरे, आहेस की रे तू! आहेस की आत!"

डॉ. मुजावर दारातून हलल्या नाहीत. पद्मजाच्या लक्षात आले की वाक्य व्यवस्थित बंद झाले आहे. एकही अट मोकळी सुटलेली नव्हती. शोधाची पद्धत निर्दोष होती. तिला फक्त वेळ मिळायला हवा होता. हे निरीक्षण बरोबर होते आणि या क्षणी निरुपयोगी होते.

"मॅडम," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "चहाची वेळ होत आली. सगळे उठतील आता."

पद्मजाने मर्यादा पुन्हा बसवली.

*

अंदाजाचा भाग मात्र तिने परत जोडला नाही, कोणाच्याच पलंगाला. नवा, मोठा सर्व्हर मंजुरीसाठी गेला होता. तो येईपर्यंत जे सापडेल ते ऐकायचे आणि जे सापडणार नाही तेथे कोरी जागा ठेवायची, असे डॉक्टरांनी आणि तिने ठरवले.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत विभाग पूर्वी कधी नव्हता इतका शांत झाला. लोक प्रश्न विचारत, पडद्याकडे बघत, पुन्हा विचारत. काहींना कळेना. काहींना हळूहळू कळले, आणि आजवरची किती उत्तरे खोटी होती, कुठपासून मोजायची, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यांवर दिसू लागला.

गोदाताईंचा मुलगा शशांक आवटी एका पतसंस्थेत कामाला होता. तो पद्मजाकडे आला.

"मॅडम, आई आज काहीच बोलत नाही हो. सारखं 'ऊन' आणि 'पाणी'. रोज मी आलो की विचारायची, 'जेवलास का?'"

पद्मजाने त्याला सांगितले. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे ते यंत्र विचारायचं."

"बहुतेक वेळा. पहिल्यांदा कधीतरी त्यांनीच विचारलं असणार."

तो आईच्या पलंगाकडे वळला. "ते परत चालू करता येईल का?"

"खरं नाही ते."

"मला कळलं ना. तुम्ही सांगितलंत की." तो ओशाळून हसला. "दिवसभर काउंटरवर लोक अंगावर येतात. संध्याकाळी इथं आलो की एक जण विचारतं, जेवलास का. आई विचारते का पेटी, मी काय पंचनामा करत बसणार आहे?"

ज्यांना हवे त्यांच्या पलंगापुरता अंदाज चालू करण्याची सोय तिने करून दिली, आणि सोबत करडा ठिपका परत आणला, या वेळी मोठा. दुसऱ्या दिवशी शशांकने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदी चिकटपट्टी लावलेली तिला दिसली. तिने ती काढली नाही.

बाकीच्यांपैकी आणखी काहींनी सोय मागितली. पद्मजाने मागितली नाही. ती रोज श्रेणिकपाशी बसे आणि एखादा प्रश्न विचारी. आठ सेकंदांनंतर पडदा कोरा होई. वाक्याचे तुकडे करून टप्प्याटप्प्याने बोल, असे तिने त्याला सुचवले; त्यावरही पडदा कोराच राहिला, म्हणजे या सूचनेवर त्याचे काहीतरी सविस्तर म्हणणे होते. जेवणानंतर रांग मोकळी असली की डॉक्टर कधी कधी त्याला लांब वेळ देत. तेव्हा तो बोले. सनद परत केल्याबद्दल बोलला. काळ्या कोटाबद्दल अक्काला उद्देशून बोलला, ते ऐकून परिचारिकाही हसल्या. बर्गेनबद्दल पुन्हा बोलला नाही.

कंपनीचे विचारणे चालूच होते. आजवर पद्मजाने प्रत्येक गोष्ट त्याला विचारून केली होती, निदान तिला तसे वाटत आले होते. आता विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने आपले म्हणणे सादर केले होते, आणि त्यात तिला हवा असलेला होकारही नव्हता, नकारही नव्हता.

ती सकाळच्या वेळी गेली. परिचारिका त्याला कुशीवर वळवून नुकतीच बाहेर पडली होती. आता त्याचा चेहरा दाराकडे होता.

"श्रेणिक," ती म्हणाली, "मी जाणार आहे. विचारत नाहीये. सांगतेय."

उत्तर इतके झटकन आले की बेसावध असताना गाठल्यासारखे तिला झाले.

"का?"

पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका नव्हता. एका अक्षराचा शब्द होता आणि तो त्याचाच होता.

तिच्याजवळ छोटी उत्तरे पुष्कळ होती. दोन वर्षांचाच प्रश्न आहे. अक्का येत-जात राहतील. अशी संधी पुन्हा येत नाही. ही उत्तरे तिने शेजाऱ्यांना दिली होती, डॉक्टरांना दिली होती, आणि प्रत्येकाला ती पुरली होती. त्यातले एक तिच्या जिभेवर आले. तिने ते बोलायला तोंड उघडले आणि मिटले.

तिने खुर्ची ओढून त्याच्या चेहऱ्यासमोर आणली. पेटीचा पडदा तिच्या पाठीमागे राहिला. खरे उत्तर होते. ते लांब होते. त्यात वर्षभर जो तिच्याशी गोड बोलत होता तो होता, त्याच्याआधी जो वाद घालत होता तोही होता, आणि या दोघांपैकी तिला कोण हवा आहे हा प्रश्न होता. त्यात गुंतलेल्या अटी तिने आजवर मोजल्याही नव्हत्या.

"कारण," ती म्हणाली, आणि थांबली.

बाहेर ट्रॉलीची चाके वाजत गेली. श्रेणिकची नजर तिच्या खांद्याच्या जरा वर, जिथे ती पडली होती तिथेच होती. तो ऐकत होता. पुढचा शब्द शोधायला तिला किती वेळ लागेल हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते.